ठाणे-कल्याणच्या परसातला पेरू

पेरू हे जंबुल कुलातले, म्हणजे मिर्टेसी कुळातले लहान सदाहरित झाड. त्याचे शास्त्रीय नाव सिडियम ग्वाजावा. लिनिअसने १७५३ साली 'स्पेसीज प्लॅन्टॅरम' या ग्रंथात ते नोंदवले. सिडियम या प्रजातीत सुमारे शंभर जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. कुळ मात्र जगभर पसरलेले आहे आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात पेरूचे बरेच नातेवाईक भेटतात: येऊरच्या आणि मुरबाडच्या रानातले जांभूळ, जुन्या वाड्यांमधला जाम, रस्त्याकडेला लावलेली निलगिरी, शिवाय मसाल्याच्या डब्यातली लवंग. या सगळ्यांची एक खूण सारखी आहे. पान उजेडासमोर धरले की त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. पान चुरगाळल्यावर येणारा वास त्यांच्यातूनच सुटतो. प्रत्येकाचा वास वेगळा, पण तो साठवण्याची रीत कुळाची.

पेरूचे मूळ घर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहे. दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्याच्या नैर्ऋत्य भागात, ब्राझीलच्या रोंदोनिया प्रांतात झालेल्या उत्खननांत माणसाने पेरूवर्गीय फळे खाल्ल्याचे नऊ हजार वर्षांइतके जुने अवशेष मिळाले आहेत. पेरू देशातल्या काराल या प्राचीन वसाहतीतही या फळाचे अवशेष आहेत. युरोपीय लोक कॅरिबियन बेटांवर उतरले तेव्हा तिथे पेरू लोकांच्या रोजच्या खाण्यात होता. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो याने १५२६ साली त्याचे वर्णन लिहिले. त्यानंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी हे फळ उष्ण कटिबंधात सगळीकडे नेले.

भारतात ते पोर्तुगीजांबरोबर आले असे मानले जाते. मराठीतले नावही तिकडेच बोट दाखवते. पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात. त्या फळाशी असलेल्या साम्यावरून गोव्यात 'पेर' आणि मराठीत 'पेरू' झाले. पेरू देशाशी या नावाचा संबंध नाही. विदर्भात याच फळाला जांब म्हणतात, त्यामुळे नागपूरकडचा माणूस ठाण्याच्या बाजारात जांब मागतो तेव्हा फळवाल्याला क्षणभर जाम आठवतो.

ठाण्याचा या प्रवासाशी थेट संबंध आहे. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि तिच्याबरोबर साष्टी आणि ठाणेही गेले. ठाणे १७३७ साली आणि वसई १७३९ साली मराठ्यांनी जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे, खाडीच्या या काठावर त्यांचा अंमल होता. त्या काळात अमेरिकेहून आलेली बरीच झाडे या किनाऱ्यावर रुजली. काजू, पपई, अननस, सीताफळ आणि मिरची ही त्यांतली ठळक नावे. सतराव्या शतकात पेरू पश्चिम किनाऱ्यावर चांगला रुळला होता याची भक्कम साक्ष 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथात मिळते. कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने तयार करवून घेतलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून १२ खंडांत निघाला. त्याच्या तिसऱ्या खंडात पेरूची चित्रे आहेत. या ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते आणि त्यांचे निवेदन पहिल्या खंडात देवनागरीत छापलेले आहे. परदेशातून आलेले झाड इथल्या झाडांच्या ग्रंथात सहज सामावले गेले, इतके ते तोवर ओळखीचे झाले होते.

झाड फार उंच होत नाही. मोकळे वाढू दिले तर आठ-दहा मीटर, पण परसात बहुधा त्याच्या निम्मेच. खोड जमिनीजवळच फांदते, त्यामुळे लहान मुलांना चढायला हे झाड सोपे. साल पातळ असते आणि तिचे तांबूस पापुद्रे सतत सुटत राहतात. पापुद्रा गळाला की खाली हिरवट, गुळगुळीत, थंड खोड उघडे पडते. म्हणून जुना पेरू लांबूनही ओळखू येतो: खोडावर तांबडे, राखी आणि हिरवे असे डाग शेजारी शेजारी असतात. कोवळ्या फांद्या गोल नसतात. त्यांना चार कडा असतात आणि बोटांत फिरवल्या की त्या जाणवतात. पाने समोरासमोर येतात. वरच्या बाजूला शिरा दबलेल्या आणि खालच्या बाजूला उठलेल्या दिसतात, शिवाय खालची बाजू किंचित लवदार असते. लाकूड घट्ट आणि चिवट असल्याने हत्यारांच्या मुठींना चालते आणि बेचकीसाठी पेरूची दुबेळकी फांदी सर्वांत चांगली समजली जाते.

पेरूच्या स्वभावातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची फुले नव्या फुटीवर येतात. आंब्याचा मोहोर आधीच्या हंगामात पक्व झालेल्या काडीच्या टोकाला येतो. पेरूला तेवढी वाट पाहावी लागत नाही. नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या फांदीवर, पानांच्या बेचक्यात, एकेकटी किंवा दोन-तीनच्या झुबक्यात कळी दिसू लागते. म्हणजे नवी फूट येईल तेव्हा फूल आणि फूल आले की फळ. छाटणी केली, फांदी वाकवून बांधली, कोरड्यानंतर पाणी मिळाले, अशा कोणत्याही कारणाने झाडाला नवी फूट आली की ते फुलोऱ्यावर येऊ शकते. पेरूचे पुढचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

कळीवर हिरवा निदलपुंज पूर्ण मिटलेला असतो. उमलताना तो ठरावीक रेषांवर न उघडता वेडावाकडा फाटतो आणि आतून चार-पाच पांढऱ्या पाकळ्या बाहेर येतात. पाकळ्या लवकर गळतात. फुलाला खरी शोभा असते ती पुंकेसरांच्या दाट झुबक्याची. एका फुलात ते दोनशेहून अधिक असू शकतात. फुले पहाटे उमलतात आणि उजाडताच मधमाश्यांची वर्दळ सुरू होते. पेरूच्या फुलात मध थोडा, परागकण मात्र भरपूर. त्यामुळे मोठ्या आग्यापासून सातेरी, फुलोरी आणि बारीक, नांगी नसलेल्या कोतीपर्यंत सगळ्या जातींच्या माश्या पिवळे पाय घेऊन या फुलांवरून परततात. फुलाला आपल्याच परागकणांवर फळ धरता येते, तरी साधारण एक तृतीयांश बिया दुसऱ्या झाडाच्या परागाने तयार होतात. म्हणून चांगल्या पेरूची बी लावली की झाड उगवते, पण फळ आईसारखेच निघेल याची खात्री नसते.

फुलाचा अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो. तोच वाढून फळ होते आणि निदलपुंजाचे वाळलेले तुकडे फळाच्या टोकाला चिकटून राहतात. पेरू धुताना बोटाने खरवडून काढतात ते हेच. फळ म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत मृदुफळ. बाहेरचा जाड गर भिंतीचा, आतला बियांचा मऊ गर बीजधारकाचा. खाताना सालीजवळ आणि बियांभोवती जी रवाळ कचकच लागते ती अश्मपेशींची. या पेशींच्या भिंतींवर लिग्निनचे जाड थर चढून त्या दगडासारख्या टणक झालेल्या असतात. नासपतीतही तशाच पेशी असतात, त्यामुळे दोन फळांत केवळ आकाराचे साम्य नाही. गुलाबी गराचा रंग लायकोपीनमुळे येतो, जे टोमॅटोतही असते. बिया शंभरापासून पाचशेपर्यंत असतात आणि इतक्या कठीण की प्राण्यांच्या पोटातून जाऊनही त्या रुजतात.

क जीवनसत्त्वात फार थोडी फळे पेरूची बरोबरी करू शकतात. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असते; तेवढ्याच संत्र्यात ५० च्या आसपास. सालीत आणि सालीलगतच्या गरात त्याचे प्रमाण सर्वाधिक असल्याने साल काढून पेरू खाणे हे फळातला उत्तम भाग फेकून देणे आहे. स्वस्त, घराघरात मिळणाऱ्या फळात हे असावे आणि आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत मात्र सफरचंदे असावीत, याचे वाईट वाटते.

पेरूला वर्षातून तीन वेळा बहार येऊ शकतो. जानेवारीअखेर ते मार्च या काळात फुलतो तो आंबे बहार; त्याची फळे पावसाळ्यात तयार होतात. जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, त्याची फळे नोव्हेंबर ते जानेवारीत येतात. ऑक्टोबरच्या सुमाराचा हस्त बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी फळतो. फुलापासून फळ तयार व्हायला साधारण चार ते पाच महिने लागतात. झाडाला तिन्ही बहार घेऊ दिले तर ते वर्षभर थोडे थोडे फळते आणि कोणतेच पीक नीट येत नाही. म्हणून बागायतदार एकच बहार धरतो. नको असलेल्या बहाराच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण देतो. झाड पाने गाळून विश्रांती घेते. मग खणून, खत घालून, पाणी सोडले की एकदम नवी फूट आणि भरघोस फुले येतात.

ठाणे-डोंबिवलीच्या परसात ताण देणारा बागायतदार नसतो. तिथे ते काम ऋतू करतो, आणि झाड कुठे लावले आहे यावर निकाल ठरतो. या भागात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, म्हणजे सुमारे अडीच हजार मिलिमीटर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबरनंतर सात-आठ महिने आकाश कोरडे. कुंपणाजवळ, कोणी पाणी न घालणारा पेरू मार्च-एप्रिलपर्यंत पाने पिवळी करून तग धरतो. मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत त्याला पोपटी फूट येते आणि पाठोपाठ कळ्या. म्हणजे त्या झाडाला आपोआप मृग बहार मिळतो. विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या झाडाला कोरडेपण ठाऊकच नसते. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की ते फुलते आणि त्याची फळे जुलै-ऑगस्टच्या धारांत पिकतात. एकाच अंगणातल्या दोन झाडांपैकी एक श्रावणात फळते आणि दुसरे मार्गशीर्षात, याचे कारण बहुधा एवढेच असते.

दोन्ही फळांत फरक फार. पावसाळी फळ पाण्याने फुगते, साखर कमी, चव पचपचीत, क जीवनसत्त्वही कमी. थंडीतले फळ हळूहळू पिकते, गर घट्ट राहतो, गोडी आणि वास दोन्ही चढतात. ठाण्याची थंडी पुण्या-नाशिकसारखी नसते, पण डिसेंबरच्या कोरड्या, गार रात्री पेरूला पुरतात. पेरूला मुळात एवढा पाऊस लागतच नाही. हजार मिलिमीटरच्या आतही तो उत्तम येतो. महाराष्ट्रातल्या त्याच्या मोठ्या बागा म्हणूनच घाटापलीकडे आहेत.

पावसाळी पेरूचे दुसरे दुखणे म्हणजे अळ्या. पेरू कापला आणि आत पांढरी वळवळ दिसली की कीड फुलातूनच शिरली असा समज आहे. प्रत्यक्षात ती फळमाशीची करामत आहे. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस ही या भागातली तिची मुख्य जात. घरमाशीएवढी, तांबूस, छातीवर पिवळ्या खुणा आणि पारदर्शक पंख. मादीच्या पोटाच्या टोकाला टोकदार अंडनलिका असते. पाडाला आलेल्या फळाच्या सालीत ती ही नलिका खुपसते आणि आत अंडी घालते. बाहेर एक बारीक टोच दिसते, पुढे तिच्याभोवती डाग पडतो. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि आठवडाभर गर खातात. त्यांच्याबरोबर शिरलेल्या जंतूंनी फळ आतून सडते. फळ गळून पडते. मग अळ्या बाहेर येतात, शरीराची कमान करून टुणकन उडी मारतात, ओल्या मातीत शिरतात आणि तिथे कोष करतात. आठ-दहा दिवसांनी नवी माशी जमिनीतून वर येते.

या माशीला पावसाळ्यातच पेरू का सापडतो, याचे उत्तर आंब्यात आहे. कोकणात एप्रिल ते जून हीच माशी आंब्यावर वाढते. आंबा संपतो तोवर तिची संख्या शिगेला पोचलेली असते, हवा उबदार आणि दमट असते, माती कोषासाठी मऊ झालेली असते, आणि नेमका त्याच वेळी आंबे बहाराचा पेरू पाडाला येतो. थंडीत माशीचे प्रमाण ओसरते, म्हणून मार्गशीर्षातला पेरू बहुधा स्वच्छ निघतो. यावरचा उपाय साधा आहे आणि तो चक्र तोडण्याचा आहे. गळलेली फळे झाडाखाली कुजू न देता रोज गोळा करून खोल पुरायची किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत टाकायची. फळ लिंबाएवढे झाल्यावर त्याला कागदी किंवा कापडी पिशवी घालायची. जोडीला सापळा लावायचा. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच कामाचा. त्यात मिथाइल युजेनॉल हे द्रव्य वापरतात. त्याच्या वासाने नर माश्या ओढल्या जातात आणि मादीला जोडीदार मिळत नाही. हेच द्रव्य तुळशीच्या पानांतही असते. एका घराने सापळा लावून शेजारचे परस तसेच राहिले तर उपयोग थोडा. आळीतल्या सगळ्यांनी मिळून केले तर फरक दिसतो.

पेरूवर जगणारे इतरही बरेच जीव आहेत. त्यांतले सर्वांत विलक्षण म्हणजे एक फुलपाखरू. इंग्रजीत त्याला 'कॉमन ग्वाव्हा ब्ल्यू' म्हणतात, शास्त्रीय नाव व्हायराकोला आयसोक्रेट्स. नराच्या पंखांवर जांभळट निळी झाक, मादी तपकिरी आणि तिच्या पुढच्या पंखावर नारिंगी ठिपका. डाळिंब उत्पादकांना हे फुलपाखरू चांगले ठाऊक आहे, कारण फळ पोखरणारी अळी ती हीच. मादी कळीवर किंवा कोवळ्या फळावर एकेक अंडे घालते. अळी गरात शिरते आणि आतून बिया खात राहते. तिच्या शरीराचे मागचे टोक चपटे, ढालीसारखे असते आणि त्याने ती भोकाचे तोंड बंद करून बसते. पोखरलेले फळ एरवी गळून पडायचे, म्हणून ती बाहेर येऊन फळाचा देठ फांदीला रेशमी धाग्यांनी बांधून टाकते. या अळीच्या पाठीवरून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या तिच्याभोवती असतात आणि तिला त्यांचे संरक्षण मिळते. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरे बघायला लोक मुद्दाम जातात; तेवढ्याच आस्थेने घरच्या पेरूचे एखादे भोक पडलेले फळ न्याहाळले तर बरेच काही दिसेल.

जुन्या झाडांच्या खोडावर, फांद्यांच्या बेचक्यात, भुश्याच्या तपकिरी जाळ्या दिसतात. त्या साल खाणाऱ्या अळीच्या. दिवसा ती खोडातल्या भोकात असते आणि रात्री विष्ठा आणि रेशमाच्या या बोगद्याआडून साल कुरतडते. जाळी झाडून भोकात तार घातली की काम होते, पण दुर्लक्ष झाले तर फांदी वाळते. पानांवर काळी काजळी चढली तर समजावे की वर पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी आहे. त्यांच्या चिकट रसावर ती बुरशी वाढते. पानांच्या खाली मेणाच्या पांढऱ्या वेटोळ्या काढणारी चक्राकार पांढरी माशी मध्य अमेरिकेच्या बाजूची. भारतात ती १९९३ साली केरळात प्रथम आढळली आणि लवकरच पश्चिम किनाऱ्यावर पसरली. पेरूच्या पाठोपाठ त्याच्या मूळ मुलखातली कीड जवळजवळ चार शतकांनी येऊन पोचली. तिच्यामागून तिच्यावर अंडी घालणाऱ्या एन्कार्सिया या इवल्या गांधीलमाश्याही आल्या, म्हणून तिचा उपद्रव आटोक्यात राहिला.

फळ पिकले की पाहुण्यांची रांग लागते. दिवसा पोपट, बुलबुल, कोकीळ, तांबट आणि खारी. पोपट एक फळ अर्धे टोचून दुसऱ्याकडे वळतो आणि त्याने टोचलेला पेरू गोड असतो असा समज आहे. खरे तर पोपट गोड होत आलेली फळेच निवडतो, एवढेच. रात्री वटवाघळे येतात. शहरात सर्रास आढळणारे लहान फळखाऊ वटवाघूळ, सायनोप्टेरस स्फिंक्स, फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेते, रस चोखते आणि चोथा टाकते. सोसायट्यांच्या कडेने ओळीने लावलेले उंच, खोटे अशोक हे त्याचे आवडते बसायचे ठिकाण, त्यामुळे तिथल्या भिंतींवर आणि गाड्यांवर बियांचे डाग पडतात. त्या डागांतूनच पेरूचा प्रसार होतो: गटाराच्या कडेला, जुन्या दगडी भिंतीच्या फटीत कोणी न लावलेला पेरू उगवतो तो याच मार्गाने. उष्टावलेले फळ माणसाने मात्र खाऊ नये, असे आरोग्य खाते सांगते आणि ते पाळावे.

गालापागोस बेटांवर बियांच्या याच सोयीने अनर्थ केला. तिथे पेरू मुद्दाम लावला गेला. गुरे, पक्षी आणि महाकाय कासवे यांनी बिया पसरवल्या आणि मोकळी राने पेरूच्या दाट झुडपांनी व्यापली. आज तिथे तो उपटावा लागणारा परका आहे. कोकणात तसे झाले नाही. इथे तो वस्तीच्या कडेनेच राहिला.

ठाणे-कल्याणच्या बाजारात येणारा बहुतेक पेरू घाटावरचा. अहिल्यानगर जिल्ह्यातला राहाता परिसर, पुणे, नाशिक, सोलापूर अशा भागांतून तो कल्याण आणि वाशीच्या बाजार समित्यांत उतरतो आणि तिथून हातगाडीवर. त्यात सर्वाधिक दिसला आहे तो 'सरदार' म्हणजे लखनौ-४९. नावात लखनौ असले तरी ही जात पुण्याची. गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रावर डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ साली अलाहाबाद सफेदाच्या रोपांतून ती निवडली. फळ मोठे, गर पांढरा, बिया कमी आणि मऊ, झाड पसरट. पुढच्या पिढ्यांत बंगळूरच्या संस्थेच्या 'अर्का' मालिकेतल्या जाती आणि लखनौच्या केंद्राची गुलाबी 'ललित' आली. आता थायलंड-तैवानकडून आलेली भलीमोठी फळे हातगाड्यांवर दिसतात. ती कुरकुरीत असतात आणि टिकतात. वासाच्या बाबतीत मात्र परसातल्या लहान, पातळ सालीच्या गावठी पेरूपुढे ती फिकी पडतात.

पिकलेला पेरू दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. काढल्यावरही तो इथिलीन वायू सोडत पिकत राहतो, पेक्टिन विरघळते आणि गर मऊ पडतो. म्हणून कसारा आणि कर्जतच्या गाड्यांत टोपली घेऊन चढणारे विक्रेते पानासकट तोडलेला, कडक पेरू आणतात आणि मीठ-मिरची लावून चार फाका करून देतात. याच पेक्टिनमुळे पेरूची जेली उत्तम लागते. गोव्यात त्यापासून पेराड करतात, आणि वसई-साष्टी-ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळच्या ताटात त्याच जातीची घट्ट वडी असते. मृग बहाराची फळे डिसेंबरात तयार होतात, त्यामुळे हा सण आणि हे फळ यांची वेळ जुळलेली आहे. मराठी स्वयंपाकघरात पिकल्या पेरूची दह्यातली कोशिंबीर आणि गूळ घालून केलेली भाजी आहे. बिया काढायचा कंटाळा न केला तर दोन्ही फार चांगल्या होतात. पानांत टॅनिन आणि क्वेर्सेटिनसारखी द्रव्ये असतात, म्हणून तोंड आल्यावर कोवळी पाने चघळण्याची आणि पोट बिघडल्यावर पानांचा काढा घेण्याची रीत उष्ण देशांत सगळीकडे आहे. जपानमध्ये पेरूच्या पानांच्या चहाला, जेवणानंतरची रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्यासाठी, २००० साली सरकारी मान्यता मिळाली.

डोंबिवलीच्या जुन्या चाळी आणि बैठी घरे, कल्याणचे वाडे, ठाण्याच्या नौपाडा-चरईतले बंगले यांच्या मागच्या अंगणात पेरू, शेवगा आणि कढीपत्ता हे ठरलेले त्रिकूट असे. या जागांवर इमारती उभ्या राहताना पहिले तुटते ते मागचे अंगण. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण वड-पिंपळासाठी जे लोक पुढे येतात ते पेरूसाठी येत नाहीत. झाड लहान, आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे, आणि फळझाड म्हणून त्याला पुरातन वृक्षाचे वजन नाही. मधमाश्या, बुलबुल आणि वटवाघळे यांच्या दृष्टीने हिशेब केला तर वर्षातून दोनदा फुलणारे आणि फळणारे झाड शहरात दुसरे फारसे सापडत नाही.

जुन्या झाडाची जात टिकवायची तर बी लावून भागत नाही. महाराष्ट्रात पेरूसाठी दाब कलमाची रीत चालत आली आहे: जमिनीजवळची फांदी वाकवून, साल थोडी खरवडून मातीखाली दाबायची आणि मुळे फुटल्यावर वेगळी करायची. फांदी उंच असेल तर गुटी कलम. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या फांदीवरून बोटभर रुंदीची साल वर्तुळाकार काढायची, ओले शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचे. महिना-दीड महिन्यात पारदर्शक कागदातून पांढरी मुळे दिसू लागतात. ती तपकिरी झाली की फांदी कापून कुंडीत लावायची. असे कलम दोन-तीन वर्षांत फळते आणि बुडाला भोके पाडलेल्या मोठ्या पिंपात, गच्चीवरही चांगले वाढते. पिंपातल्या झाडाला एप्रिलमध्ये पाणी कमी करून ताण देता येतो आणि मेअखेर हलकी छाटणी करता येते. म्हणजे त्याला मृग बहारच येतो आणि श्रावणातली फळमाशी चुकते.